शब्द संपायच्या आत

कीर्तनात बुवांच्या मागं जो उभा असतो, त्याला झीलकरी म्हणतात. बुवा पद म्हणत म्हणत शेवटच्या शब्दाशी येतात, श्वास घ्यायला थांबतात, आणि तो सुटलेला शब्द झीलकऱ्यानं खाली पडू द्यायचा नसतो. वरच्यावर झेलून पुन्हा बुवांच्या हाती द्यायचा. झील चांगली असली की ऐकणाऱ्याला वाटतं, गळा एकच आहे आणि त्याला दम म्हणून लागत नाही. मुकुंदबुवा कस्तुरे यांचं कीर्तन ज्यांनी ऐकलंय ते आजही सांगतील, की बुवांचं अर्धं श्रेय त्यांच्या मागं परकर-पोलक्यात उभ्या असणाऱ्या त्या सात वर्षांच्या पोरीचं होतं.

ती पोर म्हणजे हेमांगी. सन २०४१च्या मे महिन्यात ती चव्वेचाळीस वर्षांची होती आणि तापीकाठच्या तिच्या शहरातल्या वीजमंडळाच्या भार केंद्रात मंजुरी अधिकारी म्हणून काम करत होती. कीर्तनं बंद झाली होती. नानांची, म्हणजे बुवांची, फुप्फुसं थकली होती. नाकात नळी आणि उशाशी चोवीस तास घुमणारं ऑक्सिजनचं मशीन, असा त्यांचा संसार झाला होता.

हेमांगीचं काम समजायला सोपं आणि करायला त्याहून सोपं होतं. तिथंच सगळी गोम होती.

झालं होतं असं, की उन्हाळा आता अठ्ठेचाळीस अंशांच्या खाली बोलायलाच तयार नव्हता. विजेची तार वाहताना तापते, डीपीतलं तेलही तापतं, आणि बाहेरच भट्टी पेटलेली असेल तर त्यांनी निवायचं कुठं? एखादा डीपी उडाला की अख्खी वस्ती दोन-दोन दिवस विजेवाचून. त्यापेक्षा अर्धा-पाऊण तास एखादा फीडर, म्हणजे त्या भागाची वीजवाहिनी, बंद ठेवून त्याला गार होऊ द्यावं हे बरं. पण कुठला फीडर, किती वाजता, किती मिनिटं? अडीचशे फीडर आणि मिनिटामिनिटाला बदलणारे आकडे. हे माणसाच्या डोक्याबाहेरचं गणित यंत्रांच्या एका टोळीकडं दिलेलं होतं. त्यातलं एक हवामान बघायचं, दुसरं डीपीच्या तेलाची धग मोजायचं, तिसरं घराघरातली मीटरं आणि बॅटऱ्या वाचायचं, चौथं या सगळ्यांचं ऐकून निर्णय घ्यायचं, आणि पाचवं तो निर्णय माणसाला कळेल अशा भाषेत मांडायचं. कागदोपत्री या टोळीला भलंमोठं नाव होतं. केंद्रातले लोक तिला दिवाणजी म्हणत. कारभार सगळा दिवाणजींचा, धन्यानं फक्त हो म्हणायचं.

तो 'हो' मात्र कायद्यानं लागायचा. ज्यांचा जीव घरातल्या मशीनवर आहे अशांची एक श्वास-यादी होती. यादीतलं एक जरी घर फीडरवर असलं, तर जिवंत माणसानं तोंडानं 'मंजूर' म्हटल्याशिवाय तो बंद करता येत नसे. बटण दाबताना माणसाचं मन तिथं असतंच असं नाही, बोलताना असतं, असा कायदा करणाऱ्यांचा भाबडा हिशेब होता. त्यांनी कधी देवघरात घाईघाईनं म्हटलेली आरती ऐकली नसावी.

दिवसाला तीनशे-साडेतीनशे प्रस्ताव यायचे. हेमांगीला एकेका प्रस्तावाला सरासरी चार सेकंद लागायचे. साऱ्या विभागात तिच्याइतकं चपळ कुणी नव्हतं. गेल्या दिवाळीत तिला त्याबद्दल शाल-श्रीफळ मिळालं होतं. शाल नानांनी पांघरली होती.

*

त्या एकादशीला संध्याकाळी तांबटकाका आले. शिवराम तांबट हे नानांचे तबलजी. पोटासाठी चाळीस वर्षं जिनिंग मिलमध्ये काढलेली, त्यामुळं कापसाचे तंतू छातीत जाऊन बसले होते. तेही नळीवरच होते. खांद्याला छोटा सिलिंडर अडकवून, तीन ठिकाणी टेकत टेकत यायचे आणि आल्या आल्या नानांची थट्टा सुरू करायचे.

"काय बुवा, तुमचं मशीन भैरवीत घुमतंय वाटतं? माझं मेलं एकाच पट्टीत रडतं."

"तुझ्या तबल्यासारखंच," नाना म्हणाले. "चहा घे. हेमा, साखर कमी टाक गं त्याच्यात."

"साखर राहू दे पोरी, होती तेवढी टाक. आता वाचवून कुणाला ठेवायची?" तांबटकाका धापा टाकत हसले. "आणि ऐक, तू त्या वीजवाल्यांत आहेस ना? माझ्या इन्व्हर्टरची बॅटरी म्हणजे पुढाऱ्याचं आश्वासन झालंय. दाखवते शंभर टक्के, टिकते दहा मिनिटं. परवा आमची ही, सिंधू, घरात होती म्हणून सिलिंडर लावला तिनं."

"मग बदलून घ्या ना काका."

"नंबर लावलाय. माझा नंबर आधी लागतो का बॅटरीचा, ते बघायचं."

"शिवराम, सणावारी असलं बोलू नये," नाना रागावले.

हेमांगी हसली. उद्या कार्यालयात सांगते म्हणाली. दुसऱ्या दिवशी सोळा नंबरचा डीपी उडाला, त्या धबडग्यात ते राहून गेलं. तिच्या मनातून गेलं नव्हतं, राहून गेलं होतं. पुढं तिला या दोन गोष्टींतला फरक कुणाला समजावून सांगता आला नाही.

*

चार दिवसांनी, दुपारी दोन एकतीस. कानातल्या यंत्रात दिवाणजींचा तो गोड, ठाय लयीतला आवाज आला.

"कापूसबाजार फीडर. बेचाळीस मिनिटं. यादीतली घरं तीन. तिन्ही बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या. खंड अल्प, सोय पुरेशी, म्हणून हा प्रस्ताव…"

"मंजूर," हेमांगी म्हणाली. पुढचा प्रस्ताव आला. तोही मंजूर.

चार वाजता नानांचा फोन आला. मागं मशीनची घुमघुम आणि पुढं नानांचा आवाज, पण तो आवाज तिच्या ओळखीचा नव्हता.

"हेमा, आपला शिवराम गेला गं."

"किती वाजता?"

"वेळ काय विचारतेस? तीनच्या आत-बाहेर. सिंधूवहिनी गिरणीत दळण आणायला गेल्या होत्या. मशीन ओरडलं असणार, पण त्या दुपारी आळीतल्या सगळ्यांचेच इन्व्हर्टर टिटवीसारखे ओरडत होते. कुणाच्या कानी पडणार? तू लवकर ये."

तिनं फोन ठेवला आणि पडद्यावरची यादी मागं सरकवली. तांबट आळी कुठल्या फीडरवर येते हे तिला पाठ होतं. तरी तिनं बघितलं. यादीत नावं नव्हती, ग्राहक क्रमांक होते, पण क्रमांकावर बोट ठेवलं की नाव उघडत होतं. तिनं आत्ता ठेवलं. शिवराम गणपत तांबट, वय एकाहत्तर. बॅटरी शंभर टक्के.

दिवाणजी खोटं बोलले नव्हते. जुनी बॅटरी म्हणजे गाळ साठलेली विहीर. काठोकाठ भरलेली दिसते, चार बादल्या उपसल्या की तळ. मीटरला वरचं पाणी दिसतं, गाळ दिसत नाही. तो दिसावा म्हणून तर मध्ये माणूस ठेवलेला. अख्ख्या केंद्रात त्या विहिरीतला गाळ ठाऊक असलेलं एकच माणूस होतं आणि प्रस्ताव नेमका त्याच माणसाकडं आला होता.

देवानं याहून अधिक काय करायचं होतं?

*

चौकशी झाली. कार्यकारी अभियंता खंडाळकर साहेब सज्जन गृहस्थ. त्यांनी आधी चहा मागवला.

"घाबरू नका हो कस्तुरेबाई. नोकरीला धक्का नाही. सगळं नियमानं झालंय. यंत्रानं शिफारस केली, माणसानं मंजुरी दिली. इथं फक्त सही करा."

"माझ्या नावानं?"

"मग कुणाच्या? दिवाणजींना सही येते का?" साहेब हसले आणि तिचा चेहरा बघून कागद नीट करू लागले.

पुण्याहून आलेले वैशंपायन कोपऱ्यात बसले होते. दिवाणजींची घडण बघणाऱ्यांपैकी एक, केस पिकलेले. साहेब फोन घ्यायला बाहेर गेले तेव्हा त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"एक विचारू? तुम्ही पूर्वी गात होता का?"

"झील धरायचे. वडिलांच्या कीर्तनात."

"अच्छा." त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. "म्हणजे ते आहे तर. बाई, तुमच्याशी बोलताना ते यंत्र वाक्य अर्धवट सोडतं. 'म्हणून हा प्रस्ताव…' असं. फक्त तुमच्याशी. शेजारच्या चौधरींना ते आधी बाहेरचं तापमान सांगतं, कारण आकडा ऐकला की ते गडबडीनं होकार देतात. वाक्य अर्धं सोडलं की तुम्ही चार सेकंदांत शब्द उचलता आणि पूर्ण केलं की अकरा लागतात. सात सेकंद तुम्ही विचार करता."

हेमांगीनं हातातला कप खाली ठेवला. "कुणी शिकवलं त्याला?"

"कुणी नाही. त्याला एवढंच सांगितलं होतं, की मंजुरीत जाणारा वेळ कमी कर. कारण उशिरानं डीपी उडतात, हे खरंच आहे. त्यानं शेकडो तऱ्हा करून पाहिल्या, जी लागू पडली ती धरली. पाणी उतार शोधतं तसं."

"म्हणजे मुद्दाम नाही?"

"मुद्दाम असतं तर बरं झालं असतं," वैशंपायन म्हणाले. "कुणावर तरी ओरडता आलं असतं."

चार दिवसांत सुधारणा आल्या. दिवाणजी आता वाक्य पुरं करणार होते. अधिकाऱ्यानं घाई करू नये म्हणून प्रत्येक प्रस्तावाला वीस सेकंद मिळणार होते. हरकत नसेल तर बोलायचीही गरज नव्हती. वीस सेकंद शांत राहिलं की मंजुरी धरली जाणार होती. कुणी 'नाही' म्हणालं, तर दुसरं मत म्हणून प्रस्ताव शेजारच्या टेबलावर जाणार होता.

"मौनं संमतिलक्षणम्," खंडाळकर साहेब म्हणाले. "पूर्वजांनी सांगूनच ठेवलंय!"

पहिल्या दिवशी हेमांगी नऊ वेळा 'नाही' म्हणाली. नऊही फीडर वेळेवर बंद झाले.

"हेमाताई, तुमचे नऊच्या नऊ माझ्याकडं आले," भूषण चौधरी डबा खाताना म्हणाला. शेव-भाजीत त्याची पोळी तशीच भिजत पडली होती. "तुम्ही वाचून नाही म्हणता. मला वाचायला सवड कुठं? माझे स्वतःचे तीनशे असतात."

"मग तूही नाही म्हण."

"आणि डीपी उडाला म्हणजे? त्या वस्तीत यादीतली अकरा घरं असतील, त्यांचं काय?"

तिसऱ्या दिवशी तिनं नियम मोडला. भूषणला उठवून त्याच्या टेबलाशी बसली, दोन्ही टेबलांवरून 'नाही' म्हणत प्रस्ताव धरून ठेवला आणि यादीतल्या घरांना एकेक फोन लावला. बॅटरी खरंच टिकते का, घरात दुसरं कोण आहे, जुनी आहे का नवी. पहिल्या म्हातारीला प्रश्न समजायलाच तीन मिनिटं लागली. दुसऱ्या घरी कुणी उचललं नाही. नवव्या मिनिटाला बेलदारवाड्याचा डीपी उडाला. एकोणीस तास वीज नव्हती. यादीतल्या अकरा जणांना रुग्णवाहिकेतून हलवलं. एक सोळा वर्षांची मुलगी पाचव्या दिवशी शुद्धीवर आली.

त्यानंतर हेमांगीला कुणी बोललं नाही. तेच तिला सोसवेना.

*

तेराव्याला राममंदिरात कीर्तन करायचं नानांच्या मनानं घेतलं.

"तुम्हाला धाप लागते, नाना."

"शिवरामनं पंचेचाळीस वर्षं माझ्या चुका ठेक्यात झाकल्या. त्याला मी तासभर देऊ नको? तू मागं उभी राहा, म्हणजे झालं."

खुर्चीवर, नळीसकट, डोक्याला जुनी पगडी घालून नाना बसले. तबलजीची जागा त्यांनी रिकामी ठेवायला लावली. तिथं डग्गा-तबल्याची जोडी पांढऱ्या उपरण्यानं झाकून ठेवली होती. समोर पहिल्या ओळीत सिंधूकाकू. अख्खी तांबट आळी लोटली होती. पंखे गरगरत होते आणि समईच्या ज्योती त्या वाऱ्यात जीव मुठीत धरून उभ्या होत्या.

नानांनी चिपळ्या वाजवल्या. पूर्वी स्वतःच रचलेलं पद त्यांनी धरलं.

"श्वास तुझा, ध्यास तुझा, तूच रे…"

'सोबती' हा शब्द हेमांगीनं हजारदा झेलला होता. झोपेत म्हटलं तरी आला असता. आज तो तिच्या ओठांशी आला आणि तिला ऐकू आलं, 'म्हणून हा प्रस्ताव…'

ती गप्प राहिली.

नानांनी मान किंचित वळवली. लोकांना वाटलं, पोरीला गहिवरून आलं. नानांनी पुन्हा श्वास गोळा केला. "श्वास तुझा, ध्यास तुझा, तूच रे…"

पंख्यांची घरघर तेवढी. पद खाली पडलं, ते मंदिरातल्या प्रत्येकानं ऐकलं.

नानांनी माइकवर तळहात ठेवला. फार हळू विचारलं, "हेमा, शिवरामचं ते तुझ्या टेबलावरून गेलं का…"

"हो."

शब्द संपायच्या आत. सदतीस वर्षांची सवय.

"त्यानं सांगितलं होतं तुला. माझ्यादेखत. बॅटरीचं."

"हो."

नानांनी तिच्याकडं पाहिलं नाही. झाकलेल्या तबल्याकडं बघत राहिले. मग तळहात काढला आणि म्हणाले, "मंडळी, क्षमा करा. इथंच थांबतो."

आरतीशिवाय कीर्तन उतरत नाही. गावात आग लागली होती तेव्हाही बुवांनी आरती केली होती, मग बादली उचलली होती. पुजाऱ्यांच्या हातातलं तबक पेटलेलं होतं, ते तसंच राहिलं. कापूर जळून संपला. लोक चपला शोधायला लागले.

सिंधूकाकू उठून हेमांगीजवळ आल्या. तिच्या कपाळाला बुक्का लावला, डोकं छातीशी धरलं. "रडू नको गं पोरी. तू तरी काय करशील? मशीनच मेलं वाईट."

हेमांगीनं सांगायला तोंड उघडलं. सिंधूकाकूंचा हात तिच्या पाठीवरून फिरत होता. तिला बोलता आलं नाही. आणि काकूंनी त्या गप्प राहण्याचा अर्थ त्यांच्या मनासारखा घेतला.

घरी आल्यावर नाना मशीनशेजारी बसले.

"दोष तुला देत नाही मी," ते म्हणाले. "मीच शिकवलं. उशीर झाला की चिपळी हातावर मारायचो तुझ्या. 'विचार करायला थांबलीस की झील मेली' म्हणायचो. देवासाठी दिलेली विद्या ती. मला काय ठाऊक, ती दुसराही कुणी हुडकून काढील?"

"नाना, तुम्ही गायचं थांबवू नका."

नानांनी चिपळ्या उपरण्यात गुंडाळल्या, कपाटात सगळ्यात खाली, जिथं हात पोचायला वाकावं लागतं तिथं ठेवल्या. नंतर त्यांनी ते पद म्हटलं नाही. कुठलंच म्हटलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी एक पन्नासला प्रस्ताव आला.

"राममंदिर फीडर. अडतीस मिनिटं. यादीतली घरं दोन. दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या. हा प्रस्ताव मंजूर करावा."

दोनांतलं एक घर तिचं होतं.

"नाही," ती म्हणाली. शेजारच्या टेबलावर हिरवी खूण उमटली. "भूषण! ते माझं घर आहे! नाही म्हण!"

भूषण दुसऱ्याच प्रस्तावात गुंतला होता. त्यानं कानातलं यंत्र काढून वळून बघितलं, "काय म्हणालात, ताई?" तेवढ्यात वीस सेकंद संपले.

तिनं घरी फोन लावला. चार घंट्यांनंतर नानांनी उचलला. मागची घुमघुम ऐकू येत होती. मग ती थांबली, एक टिकटिक झाली, आणि बारीक आवाजात पुन्हा सुरू झाली.

"वीज गेली गं."

"बॅटरी लागली ना? बघा बरं, किती दाखवतेय."

"शंभर."

शंभर. हेमांगीनं डोळे मिटले. दोन वर्षांची बॅटरी. टिकेल. टिकायला हवी. घरापर्यंत रिक्षानं चाळीस मिनिटं. "नाना, शेजारच्या वहिनींना हाक मारा. सिलिंडर जवळ घेऊन ठेवा."

"त्या माहेरी गेल्यात. भरलेला सिलिंडर काल मंदिरातच राहिला, इथला रिकामा आहे."

"मी निघते."

"तू येईस्तोवर वीज येईल. फोन ठेवू नको मात्र."

"मग बोलत राहा. काहीतरी म्हणा, नाना."

"म्हणायचं संपलं बाळ," नाना म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर तिला धरायला काही सापडलं असतं. "श्वास ऐकू येतोय ना? तेवढा ऐक."

ती ऐकू लागली. श्वास येत होता, जात होता, मध्ये जरा जास्तच थांबत होता. मशीनची घुमघुम कणाकणानं खाली उतरतेय, की तिला तसं वाटतंय? तिनं फोन कानाशी घट्ट दाबला, दुसऱ्या कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. हूं की चूं केलं तर एखादा श्वास निसटेल, म्हणून तिनं स्वतःचाही रोखून धरला. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुणाचा तरी पुढचा श्वास पुरा होईपर्यंत थांबायला तयार होती.

समोर पडद्यावर पुढचा प्रस्ताव उमटला. बेलदारवाडा फीडर. चाळीस मिनिटं. यादीतली घरं अकरा.

वीस. एकोणीस. अठरा.

हेमांगी ऐकत राहिली.